पाटीकडे बघणारा वाघ

बागची कुटुंबातल्या धाकट्या टुकूला पहिल्यांदा पाटी दिली, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे. कलकत्त्याच्या निरुपमादी बागची मुलांसाठी गोष्टी लिहीत आणि चित्रंही स्वतःच काढत. त्यांच्या एका पुस्तकातल्या बारा चित्रांपैकी मी एक. मान खाली घालून पाटीवर अक्षर गिरवणारा वाघ.

छपाईसाठी आम्ही गोष्ठबाबू कर्मकारांकडे गेलो. ते भिंगातून बघत चित्रांचे जस्ताचे ब्लॉक, म्हणजे छापायचे उलटे ठसे, करत. पण सरस्वतीपूजेच्या दिवशी चित्रं ज्याची त्याच्या घरी असावीत, असा त्यांचा नेम. म्हणून कामाला हात लावण्याआधीच ते आमचा गठ्ठा घरी देऊन गेले. निरुपमादी बाहेर होत्या. त्यांच्या आत्याने, पिशीमांनी, गठ्ठा घेतला. पिशीमांना अक्षरओळख नव्हती. वरचा रंगीत कागद म्हणजे मला त्यांनी देवीच्या पायाशी अंथरलं आणि दोरा पुन्हा बांधून ठेवला. माझ्यावर पूजेची, शाईऐवजी दुधाने भरलेली दौत ठेवली. तिचा गोल डाग अजून माझ्या कोपऱ्यात आहे. दुसऱ्या दिवशी पूजेच्या वस्त्राबरोबर मी पत्र्याच्या पेटीत गेलो.

निरुपमादींनी गठ्ठा सोडला. अकराच चित्रं! त्यांनी पुन्हा मोजली. मग दोऱ्याच्या गाठीकडे बघत राहिल्या. गोष्ठबाबूंनी बांधण्याआधीच काढून घेतलं असणार, हे त्यांच्या मनाने तिथेच ठरवलं. घरात बोभाटा नको म्हणून घरात कुणालाच विचारलं नाही. त्या दिवसापासून गोष्ठबाबूंनी चष्मा पुसला तरी निरुपमादींना त्यात काहीतरी काळंबेरं दिसे. प्रत्येक चित्राच्या पाठीवर त्या गुपचूप खूण करू लागल्या.

मग त्यांनी दुसरा वाघ काढला. तो न्यायला गोष्ठबाबू आले आणि नेहमीसारखे पेटीवर बसले. त्यांच्या खाली मी होतो, मित्रांनो! पण कागदाला हाक कुठली मारता येणार?

"दिदिमणी, हा वाघ माझ्याकडेच बघतोय हो."

"तुम्हांला तसं का वाटावं, गोष्ठबाबू?"

"पहिला बिचारा पाटीकडे बघत होता. याचं अभ्यासात लक्षच नाही."

"पहिल्याला शेवटचं तुम्हीच पाहिलंत."

चहाचा पेला पेटीवर ठेवल्याचा आवाज झाला. "आम्हांला चित्र चोरून काय करायचं, दिदिमणी? आम्ही जन्मभर सगळं उलटंच बघणारी माणसं."

त्यांनी ब्लॉक केला, तोही सुरेख. पण दुसऱ्याच्या हाती पाठवला. पुस्तक निघालं. त्या संशयी डोळ्यांच्या वाघावर मुलं खूश झाली.

वर्षाने पूजेसाठी पेटी उघडली.

"निरू, हा बघ तुझा वाघोबा! गेल्या साली देवीखाली घातलेला. यंदा हाच चालेल की दुसरा देतेस?" पिशीमा म्हणाल्या.

निरुपमादी खाली बसल्या. "तुम्ही बोलला का नाहीत, पिशीमा?"

"तू विचारलंस कधी?"

पूजेच्या दिवशी घरात कुणी लेखणीला हात लावत नाही, त्यामुळे चिठ्ठीवर भागणार नव्हतं. निरुपमादी मला घेऊन स्वतःच गेल्या. गोष्ठबाबूंनी भिंग लावून दुधाचा डाग पाहिला.

"हाच. पाटीकडे बघतोय."

"माझं चुकलं, गोष्ठबाबू."

"बसा. आधी प्रसाद घ्या," ते म्हणाले. रागावले नाहीत. पुढेही त्यांनी निरुपमादींचं काम कधी नाकारलं नाही. मात्र चित्रं घेताना आणि देताना ते त्यांच्यासमोर मोठ्याने मोजत. "एक... दोन... तीन... बघा हं, दिदिमणी." निरुपमादी मान खाली घालून ऐकत.

मित्रांनो, काही सापडेनासं झालं, तर आधी घरात विचारा. मी सापडलो, पण ते मोजणं थांबलं नाही.

गोष्ठबिहारी कर्मकार त्यानंतर नऊ वर्षांनी, ज्येष्ठातल्या एका मंगळवारी वारले. त्यांच्या टेबलावर निरुपमादींची सात चित्रं होती. वरच्या चिठ्ठीवर गोष्ठबाबूंच्या हातचं लिहिलेलं होतं : मोजून सात.