राधाकाकीला वाचून दाखवलेली बातमी

“थांबलंस कित्याक, दत्ता? माझ्या भिवाचा नाव आसा मां?” राधाकाकीनं विचारलं.

नाव होतं. लालबागच्या त्या चाळीत दत्ताराम रोज पहिली पाळी सुटल्यावर गॅलरीत बसून पेपर मोठ्यानं वाची आणि अक्षरओळख नसलेली सात-आठ माणसं ऐकत. आज त्याच्यासमोर जाड टायपात छापलं होतं : ‘दुकान लुटताना कुख्यात गुंड भिवा ठार.’

छप्पन्न सालचा जानेवारी होता. आदल्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा काकीचा एकुलता भिवा दत्तारामच्या शेजारूनच चालत होता. दोघं गिरणीतून घरी येत होते. पोलिसांनी प्रेतही हाती दिलं नाही. परस्पर जाळल्याचं कळलं.

दत्तारामनं पेपर डोळ्यांजवळ धरला. “गिरणी कामगार भिवा घरी परतताना गोळी लागून ठार,” तो म्हणाला.

काकीनं डोळ्यांना पदर लावला. तेवढं कात्रण मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खाडा करून दत्ताराम गिरगावात पेपरच्या कचेरीत गेला.

“मी त्याच्याबरोबर होतो, साहेब. त्यानं कशाला हातसुद्धा लावला नव्हता.”

उपसंपादकानं मान वर केली. “पोलिसांनी सांगितलं, आम्ही छापलं.”

“‘कुख्यात’ पण पोलिसांनीच सांगितलं?”

तो जरा ओशाळला. “वाटसरू मेला म्हटल्यावर अंक कोण घेतो हो? कालचा नवाच्या आत संपला.”

“मग चूक झाली म्हणून दोन ओळी तरी छापा.”

“आजच सहा मेलेत. जागा कुठून आणू?”

दत्ताराम परत आला तेव्हा काकी दारातच उभी होती. कात्रण तिनं तळमजल्यावरच्या लतिका नर्सला दाखवलं होतं, आणि तिनं जे होतं ते वाचलं होतं.

“काकी, ते खोटं छापलंय. म्हणून मी...”

“तेंनी खोटा छापल्यानी. तू खोटा वाचलंस.” तिच्या आवाजात राग नव्हता. “मगे माझो भिवा गेलो, ह्या तरी खरा कशावरून?”

“माझ्या डोळ्यांदेखत पडला गं तो.”

“तू काय्येक सांगशीत,” ती म्हणाली आणि आत गेली.

दत्ताराम उंबऱ्यापाशीच थांबला. काकीनं चुलीवरून भात उतरवला. दोन थाळ्यांत वाढला. एकीवर झाकण ठेवलं, आणि दुसरीला हात न लावता ती जिन्यावरच्या पावलांकडे कान देऊन बसली.