मानेमागचा हात

मित्रांनो, मी एक जुना ट्रिमर आहे. केस कापायचा. माझ्या अंगावरचा काळा रंग उडाला आहे आणि एका फणीचा दात मोडला आहे. पात्याला मात्र अजून धार आहे, आणि मनातला रागही शाबूत आहे. जुन्या वस्तूंनी सगळ्यांना क्षमा करावी, असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल. मला नाही शिकवलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पाती बसवणाऱ्या बाईने मला कानाशी धरून माझा आवाज ऐकला आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. मग मी खोक्यात गेलो, खोकं दुकानात गेलं आणि तिथून दोन बहिणींनी मला घरी नेलं.

थोरली टीव्हीवर बातम्या द्यायची. तिचे आखूड कापलेले केस हीच तिची ओळख होती. रस्त्यात बायका तिला थांबवून विचारत, केस कुठे कापता म्हणून. ती एका मोठ्या सलूनचं नाव सांगायची. ते खरंही होतं. दीड महिन्यातून एकदा ती तिथे जायची. पण आखूड केस दीड महिना कुणासाठी थांबत नाहीत. तीन आठवड्यांत मानेवर लव येते, कानावर केस चढतात आणि छान कापलेलं डोकं झुडपासारखं दिसू लागतं. मधले ते दिवस सांभाळायला मी होतो, आणि मला धरायला धाकटी होती.

दर रविवारी सकाळी थोरली स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची. धाकटी तिच्या गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळायची आणि तळहाताने तिचं डोकं हलकेच खाली वाकवायची. मागचे केस फणी लावून, खालून वर, हात उचलत उचलत. कानाजवळ फणी काढून, कान दुमडून. शेवटी मला उलटा धरून मानेवरची रेघ, वरून खाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सलूनमधून आलेल्या बहिणीचं डोकं ती पुन्हा पुन्हा निरखून बघायची, आणि तिची बोटं ते लक्षात ठेवायची. काम झालं की ब्रशने माझे दात झाडायचे, तेलाचा थेंब सोडायचा. माझे सुखाचे दिवस होते ते.

थोरलीचा हात मला क्वचितच लागला. एकदा घाईत तिने मला बेसिनमध्ये पाडलं. फणीचा दात गेला तो तेव्हाच. धाकटीने विचारलं तर म्हणाली, "तूच कुठेतरी आपटलं असशील." मी तेव्हापासून तिच्यावर दात धरून होतो.

धाकटी त्या काळात नोकरी शोधत होती. दोन-तीन ठिकाणी नकार मिळाला की थोरली तिची समजूत घालायची. बाहेर फार दगदग असते, तुझ्याच्याने व्हायचं नाही, त्यापेक्षा घर बघ, असं म्हणायची. इतकं प्रेमाने म्हणायची की धाकटीला ते खरंच वाटायचं.

मग एक दिवस माझं पातं तापू लागलं. कोणतं तेल घालावं हे विचारायला धाकटी मला पिशवीत घालून त्या सलूनमध्ये गेली. ती कुणाची बहीण ते कळल्यावर मालकीणबाईंनी मला हातात घेतलं आणि त्या कौतुकाने बोलू लागल्या. म्हणाल्या, "तुमच्या ताईंचा हात काय सुरेख आहे हो. मी त्यांना मागेच विचारलं होतं, मधल्या दिवसांत मानेवरचे केस कोण काढून देतं? नव्या शाखेत मला अशीच मुलगी हवी होती, लगेच ठेवून घेतली असती. तर म्हणाल्या, कुणी नाही, आरशात बघून मीच करते."

धाकटीची बोटं माझ्याभोवती आवळली. मला वाटलं, आता ती खरं सांगणार. पण ती हसली. म्हणाली, "हो, ताईचा हात फारच चांगला आहे. नव्या शाखेच्या उद्घाटनाला तिलाच करून दाखवायला सांगा ना. लोकांना घरी केस कसे सांभाळायचे ते कळेल."

मालकीणबाईंना कल्पना भलतीच आवडली. त्यांनी तिथल्या तिथे थोरलीला फोन लावला. प्रमुख पाहुणी, भरलेला हॉल, कॅमेरे. थोरलीला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायला खरं बोलावं लागलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी धाकटीने बहिणीची मान नेहमीसारखीच साफ केली आणि वाट बघितली. थोरलीने खरं सांगितलं असतं, तर सगळं तिथेच मिटलं असतं. थोरलीने फक्त विचारलं, "तू येशील ना तिथे?"

"पहिल्या रांगेत बसेन," धाकटी म्हणाली.

काही जण सूड घेताना वस्तू मोडून ठेवतात. धाकटीने उलट केलं. तिने मला पुसलं, तेल घातलं, चार्ज केलं. माझी धार त्या दिवशी होती तशी पुन्हा कधी झाली नाही.

व्यासपीठावर एक खुर्ची आणि मोठा आरसा होता. थोरलीने एका हातात छोटा आरसा धरला आणि दुसऱ्या हातात मला. हसत हसत तिने फणी काढून ठेवली, कारण मानेवर फणी नसते एवढं तिला स्पर्शाने माहीत होतं. पण मला वरून खाली न्यायचं असतं, ते तिला ठाऊक नव्हतं. आरशातला हात उलटा दिसतो, हेही नाही. तिने मला मानेला टेकवलं आणि वर ढकललं. मित्रांनो, मी काही केलं नाही. मी फक्त सरळ गेलो, थेट टाळूपर्यंत, आणि मागे केसांचा एक पट्टाच साफ झाला.

हॉलमध्ये कुणीतरी हसू दाबलं. थोरलीने हाताने मागे चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. ती माईकवर म्हणाली, "मशीन खराब दिसतंय."

मालकीणबाईंनी मला उचलून स्वतःच्या मनगटावरून फिरवलं. "मशीन तर उत्तम आहे," त्या म्हणाल्या.

थोरलीने पहिल्या रांगेकडे पाहिलं. "ये ना," ती हळूच म्हणाली.

धाकटी जागची हलली नाही. "आधी सांग ताई, दर रविवारी कोण कापतं?"

शब्द स्वच्छ उच्चारण्यावर जिचं पोट चालायचं, ती माईकवर पुटपुटली, "माझी बहीण कापते. पहिल्यापासून तीच."

मगच धाकटी उठली. घाई तिने अजिबात केली नाही. बहिणीचं डोकं वाकवून, ती मान नमुन्यासारखी इकडे तिकडे फिरवत तिने लोकांना एकेक गोष्ट समजावून सांगितली. फणी कधी लावायची, कान कसा दुमडायचा, रेघ कोणीकडून कोणीकडे मारायची. तो पट्टा मिळून येईपर्यंत सगळे केस आणखी बारीक केले. थोरली डोळे मिटून बसून होती. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत गोड काम.

घरी थोरली एवढंच म्हणाली, "तू माझं हसं केलंस."

"तू माझी नोकरी खाल्लीस," धाकटी म्हणाली, आणि बॅग भरायला घेतली. पहिल्यांदा मला भरलं.

पण खरं सांगतो, माझा डाव अर्धाच साधला. नव्या बारीक केसांनी थोरली टीव्हीवर दिसली आणि लोकांनी तिचं कौतुकच केलं! किती शोभतात, किती धाडसी, वगैरे. मी जळफळलो. धाकटीने मात्र ते ऐकलं आणि चहा गाळत राहिली. तिला दुसऱ्या दिवशी लवकर नव्या शाखेत कामावर पोहोचायचं होतं.

केस वाढल्यावर थोरली तिथे आली. दुसऱ्या खुर्च्या रिकाम्या असून धाकटीच्याच खुर्चीत बसली. धाकटीने तिचे केस इतरांसारखेच नीट कापले. मी तिच्या हातात होतो. एक झटका पुरला असता. तिने तो दिला नाही, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं.

उठताना थोरली म्हणाली, "अधेमधे रविवारी घरी येत जाशील ना? मानेपुरतं?"

धाकटी चादर झटकत म्हणाली, "घरी मी केस कापत नाही, ताई."

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर वापर झाल्यावर त्याचे दात झाडा, तेलाचा थेंब घाला, ओल्या बेसिनवर ठेवू नका. आणि तुमची मान कुणी दुसरं साफ करत असेल, तर लोकांनी विचारल्यावर त्याचं नाव घ्या. डोकं खाली वाकवलेल्या माणसाला मागचं काही दिसत नसतं.