बत्तीस डिग्रीचा समुद्र

गुरुवारी सकाळी अकरा वाजता कसबा बावड्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या टाकीतला खेकडा आपल्या शंखातून अर्धा बाहेर आला आणि तसाच पडून राहिला. त्या वेळी मी त्याच पाण्यात तरंगत होतो. माझा आकडा होता बत्तीस.

मित्रांनो, मी एक जुना लॅक्टोमीटर आहे. दुधात पाणी घातलंय का, हे सांगणारी काचेची नळी. माझ्या पोटात शिशाच्या गोळ्या आहेत आणि मानेत आकड्यांची कागदी पट्टी. पातळ दुधात मी खोल बुडतो, घट्ट दुधात वर राहतो. दूध मानेवरच्या ज्या आकड्याला टेकतं, त्याला आमच्याकडे ‘डिग्री’ म्हणतात.

दूरच्या एका कारखान्यात तापलेल्या काचेत फुंकर घालून मला घडवलं. नोकरी मात्र सगळी बावड्याजवळच्या एका दूध संस्थेत झाली. पहाटे किटल्यांची रांग लागायची. सचिव पिराजीअण्णा मला दुधात सोडायचे आणि आकडा मोठ्यानं सांगायचे. आकडा तिशीला पोचला की किटलीवाल्याची मान ताठ व्हायची. विशीत घसरला की भांडण ठरलेलं.

“अण्णा, तुमची नळी खोटं बोलतीया!” चिमणाबाई एकदा कडाडल्या.

“नळीला तोंड हाय व्हय, मावशी? तुमची म्हसच नदीत बसून लई पाणी प्यालीया जनू!”

सगळी रांग हसली. शेवटी चिमणाबाईही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दूध सुधारलं.

पुढे संस्थेत दूध तपासायचं यंत्र आलं. मी टेबलाच्या खणात गेलो, सुकलेली पेनं आणि तुटक्या रबरांच्या सोबतीला. तिथं मला कुणी वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही.

मला बाहेर काढलं ते सातवीच्या विज्ञानाच्या प्रियदर्शनी बाईंनी. त्यांना वर्गाला समुद्र शिकवायचा होता आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्याच वर्गातल्या मेहकचे अब्बा अझहर रत्नागिरीहून बर्फातली मासळी आणतात. त्यांनी बाईंसाठी दोन कॅन समुद्राचं पाणी आणलं आणि सोबत अंगठ्याएवढा एक खेकडा. दुसऱ्या प्राण्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा. पोट मऊ असल्यानं त्याला असं घर लागतंच. पाण्याचा खारटपणा मोजायला शाळेत काही नव्हतं. बाईंनी पिराजीअण्णांकडून मला मागून आणलं.

पहिल्या दिवशी मी पंचवीस दाखवले. राजवीरच्या घरी चार म्हशी आहेत. तो वाकून बघतो न बघतो तोच ओरडला, “बाई, समुद्रात पाणी घातलंय की ओ!”

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. मिठामुळं समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड होतं, म्हणून नळी वर राहते आणि समुद्राला पंचवीसच्या आसपासचा आकडा शोभतो, असं त्यांनी सांगितलं. हसण्याच्या गोंधळात शेवटचं वाक्य कुणी ऐकलं नाही. खेकड्याचं नाव त्याच दिवशी ‘पावणं’ पडलं.

मग बाई प्रशिक्षणाला गेल्या आणि टाकी मेहक आणि राजवीरच्या ताब्यात आली. उन्हानं टाकीतलं पाणी रोज थोडं उतरायचं. दोघं दुसऱ्या कॅनमधलं समुद्राचं पाणी ओतून टाकी भरायची. माझा आकडा चढू लागला. सत्तावीस, एकोणतीस, तीस.

“तीस! नाद खुळा!” राजवीर नाचायचा. वर्ग टाळ्या वाजवायचा. दुधाच्या घरातली पोरं ती. डिग्री चढली म्हणजे माल चोख, हे त्यांना पाळण्यातच कळलेलं.

गुरुवारी बत्तीस झाले आणि पावणं शंखाबाहेर आलं.

“डिग्री तर झकास हाय, मग ह्याला काय झालं?” मेहकचा आवाज रडवेला झाला होता. “अब्बांना मी काय सांगू?”

त्याच दिवशी परतलेल्या बाईंनी आधी मला पाहिलं, मग रिकामा कॅन. “अगं, वाफ होऊन पाणी उडतं, मीठ उडत नाही. ते टाकीतच राहिलं. वरून तुम्ही रोज आणखी मीठ ओतलंत.”

“मरंल का ओ बाई?” राजवीरनं विचारलं.

“वेळेत सावरलं तर वाचेल. बादलीत उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं गोडं पाणी घाला. थोडं थोडं, एकदम नाही.”

राजवीरनं पाण्याचा मग उचलला, पण हात पुढे जाईना. “बाई, मी पाणी घालू? आमच्या बाबांना कळलं तर घरात घ्यायचे न्हाईत!”

मेहक रडता रडता हसली. “घाल रे! ह्यो काय संस्थेचा कॅन हाय?”

मित्रांनो, पाणी घालणाऱ्याला पकडण्यात माझा जन्म गेला. त्या दिवशी प्रत्येक मगाबरोबर मी खाली उतरत होतो आणि मुलं श्वास रोखून माझ्या उतरण्याकडे डोळे लावून होती. एवढ्या मायेनं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“समुद्राचंबी पाणी उडतंय की,” राजवीर म्हणाला. “तिथं गोडं पाणी कोण घालतंय?”

“पाऊस. आणि नद्या. आपली पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा पूर्वेच्या समुद्राला.”

“म्हंजे आपन बावडेकरच समुद्रात पाणी घालतोय!”

माझी विनंती एवढीच आहे. आकडा चढला म्हणून टाळ्या वाजवण्याआधी, त्या पाण्यात कोण राहतं ते बघा.

शनिवारी शाळा सुटताना मी सव्वीसवर होतो. पावणं शंखात परतलं होतं, मिशा हलवत होतं. अझहरभाईंनी पाठवलेला थोडा मोठा, रिकामा शंख मेहकनं त्याच्याशेजारी ठेवला होता.

“जाईल का हा नव्या घरात?” तिनं विचारलं.

“पावण्याला घाई करू नये,” बाई म्हणाल्या.

प्रयोगशाळेला कुलूप लागलं तेव्हा त्याची एक नांगी नव्या शंखाच्या तोंडात होती.