मागचा कोण

दिव्यानं वही टेबलावर आपटली. लॅपटॉपशेजारचा चहा हिंदकळून बशीत सांडला, तरी उर्वशीनं मान वर केली नाही.

"हे माह्यं हाय," दिव्या म्हणाली. "पान बावीस. पाह्य."

"मले माहीत हाय."

इतक्या थंडपणे कुणी कबूल केलं की भांडायला आलेल्या माणसाचं पित्त आणखीच खवळतं. सालेकशाहून रेल्वेनं गोंदिया, तिथून एसटीनं उर्वशीच्या गावी, गोरेगावला; वाटभर दिव्यानं वाक्यं जुळवली होती. त्यातलं पहिलंच फुकट गेलं.

दोघी गोंदियाच्या कॉलेजात एका बाकावर बसायच्या. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कोणतं काम वेळ खातं ते शोधायची एक रीत आहे. मशीनला सेकंदाला हजारदा मध्येच थांबवायचं आणि विचारायचं, आत्ता कुठे आहेस, इथे कोणी पाठवलं, त्याला कोणी पाठवलं? प्रत्येक कामाच्या मागे परतीच्या वाटेची खूण असते; त्या खुणांवरून मागे मागे जायचं. पण एखादं काम नुकतंच सुरू झालेलं असतं, त्याची खूण पुरती उमटलेली नसते, आणि नेमकं तेव्हाच विचारलं तर लगतचा पाठवणारा गळतो. त्याच्याही पलीकडच्याचं नाव येतं आणि खापर भलत्याच्या माथी फुटतं. हे शेवटच्या वर्षी दिव्याच्या लक्षात आलं होतं. गळलेल्याला पकडायचा उपायही तिनंच वहीत लिहिला होता, आणि रोमन अक्षरांत त्याला नाव दिलं होतं 'मागचा'.

पुढे उर्वशी पुण्याला नोकरीला लागली आणि दिव्या सालेकशात टायपिंगचा क्लास घेऊ लागली. दीड महिन्यापूर्वी तो उपाय कर्नलमध्ये गेला, जगभरच्या मशीनींवर. वर नाव उर्वशीचं, एकटीचं. आत मात्र 'मागचा' तसाच. कर्नलचा कोड कुणालाही उघडून पाहता येतो; परवा दिव्याला त्यात तो दिसला, तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज उर्वशी सुट्टीवर घरी आल्याचं कळताच ती निघाली होती.

"चोरी केली तर नीट तरी कराची," दिव्या म्हणाली. "नाव तरी बदलाचं. मले अडाणी समजून राहिली का? क्लासवाली बाई, तिले काय समजते, असं?"

"तसं नाही वो."

"मंग कसं? एक ओळ लिवाची होती. माह्या नावाची एक ओळ. काऊन नाही लिवली?"

उर्वशीची आई, रामबाई, सैपाकघरातून डोकावली.

"काऊन वो पोरींनो, भांडून राहिल्या का?"

बशीत सांडलेला चहा पाहून ती दुसरा टाकायला परत आत गेली.

"नोकरी नवी होती," उर्वशी हळू म्हणाली. "साहेबानं विचारलं, हे तूच केलं का? मी हो म्हटलं. मंग थो 'हो' मागं घेता नाही आला."

तिच्या एक थोबाडीत ठेवून द्यावी असं दिव्याला खरंच वाटलं. हात वहीवर होता म्हणून राहिलं.

उर्वशीनं लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

"नाव पाहिजे ना? टाकू. पन आधी हे वाच."

गेल्या चार दिवसांत ईमेलनं आलेली इंग्रजी पत्रं होती. 'मागचा'मुळे एकाकडचे चारशे सर्व्हर बंद पडले होते. दुसरा विचारत होता, हा 'मागचा' कोणत्या मूर्खाच्या डोक्यातून निघाला? तिसऱ्यानं उर्वशीला हे काम सोडून भाजी विकायला सांगितलं होतं. सगळ्यांच्या खाली उर्वशीचं उत्तर होतं, लिहिलेलं पण न पाठवलेलं. चूक माझी आहे. खाली तिचं नाव.

दिव्यानं कोडमधली चुकलेली ओळ शोधून काढली. मागच्याची खूण जिथे असायला हवी तिथून ती थेट वाचली होती. मेमरीतली ती जागा आपल्या हद्दीतली आहे का, हे आधी पाहिलंच नव्हतं. तेंदूपत्ता तोडताना न बघता झुडपात हात घालू नये, हे तिच्या बापानं तिला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. तिनं वही ओढली. पान बावीस. ओळ जशीच्या तशी होती, तिच्याच अक्षरात.

तिनं वही मिटली.

"तुले दिसलं नाही?" ती ओरडली. "एवढी मोठी चूक, पुण्यात बसून, तुले दिसली नाही?"

"म्या तपासलीच नाही."

"काऊन?"

"तुह्या हातची होती म्हनून."

दिव्यानं खुर्ची ओढली, उर्वशीला कोपरानं बाजूला सारलं आणि हद्द तपासणाऱ्या दोन ओळी घातल्या. चालवून पाहिलं, पुन्हा चालवलं. रामबाईनं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. मग तिनं उर्वशीचं ते न पाठवलेलं पत्र उघडलं. 'चूक माझी आहे' हे तसंच ठेवलं. खालचं नाव पुसलं आणि स्वतःचं लिहू लागली, बापाच्या नावासकट.

उर्वशीनं तिचा हात धरला.

"इथं नको टाकू वो. तिकडं कोडच्या वर टाकू, माह्या नावासंगं. इथं लोक शिव्या देऊन राहिले."

"वर बी टाक अन् इथं बी," दिव्या म्हणाली. तिचा राग काही उतरला नव्हता. हात सोडवून घेत तिनं आडनाव पुरं केलं.

"देऊ दे शिव्या. माह्या नावानं देऊ दे."