शोकेसमधली उभी बाटली

मित्रांनो, गेल्या रविवारी माझे दोन तुकडे झाले. त्यातला वरचा तुकडा आता तुमच्याशी बोलतो आहे. मी वाईनच्या बाटलीचे एक जुने बूच आहे.

माझा जन्म झाडाच्या सालीतून झाला. आमचे झाड कुणी तोडत नाही. नऊ-दहा वर्षांनी एकदा साल काढतात आणि नवी येईपर्यंत त्याच्या वाटेला जात नाहीत. त्या सालीतून मला गोल कापले आणि वाईनच्या कारखान्यात पाठवले. तिथे नव्यानेच कामाला लागलेल्या एका मुलीने आपली पहिली वाईन केली होती. तिने बूच बसवायच्या यंत्राचा दांडा स्वतः दाबून मला बाटलीच्या गळ्यात बसवले. हवेला आत येऊ द्यायचे नाही, एवढेच माझे काम. पण त्यासाठी मला ओले राहावे लागते, म्हणून आमची बाटली आडवी निजवतात.

त्या वाईनची शेवटची उरलेली बाटली तिने आईवडिलांना दिली आणि ती दूरच्या कारखान्यात नोकरीला गेली. आईला लेकीचे भारी कौतुक. तिने बाटली शोकेसमध्ये ऐटीत उभी केली. रोज फडक्याने पुसायची, आल्यागेल्याला दाखवायची.

"अगं, एकदा उघडू या तरी," बाबा म्हणायचे.

"हात लावायचा नाही. लेकीची आठवण आहे ती."

सहा वर्षे मी उभ्या उभ्या सुकत गेलो. माझा जीव टांगणीला लागला होता. हवा आत शिरली असती, तर पोरीच्या पहिल्या मेहनतीची माती झाली असती.

गेल्या रविवारी लेक घरी आली आणि शोकेससमोर थबकली. "आई, उभी ठेवलीस होय? बूच सुकलं असेल."

आईचा चेहरा एवढासा झाला. "मला काय ठाऊक गं. मी तर जिवापाड जपली."

"चूक माझीच. मी तरी कुठे सांगितलं होतं."

तिने माझ्यात स्क्रू हळूहळू फिरवला. मी जमेल तेवढा तग धरला, पण मधोमध मोडलो. माझा खालचा तुकडा वाईनमध्ये पडला. बाबांनी चहाची गाळणी आणली. लेकीने पेल्यात थोडी गाळून वास घेतला आणि एक घोट घेतला.

"जरा उतरलीय," ती म्हणाली, "पण चांगली आहे." माझा जीव भांड्यात पडला.

मग तिने दोघांना आधी वास घ्यायला शिकवले. बाबांना नुकतेच टोक केलेल्या पेन्सिलीचा वास आला.

"पेन्सिल कसली? मनुका आहेत," आई म्हणाली. दोघे पेल्यात नाक खुपसून भांडत बसले. आईने दुसरा घोट जिभेवर घोळवला आणि लेकीकडे पाहिले. "तू काय काम करतेस ते सहा वर्षं मी लोकांना सांगत होते. मला मात्र आज कळलं."

लेकीने आईच्या खांद्यावर डोके टेकले.

मित्रांनो, वाईन तुमच्या वयाची गोष्ट नाही, पण एवढे ऐका. आपल्या माणसाने काही केले, तर ते नुसते काचेआड ठेवून पुसत बसू नका. कसे जपायचे ते त्यालाच विचारा आणि तो समोर असतानाच त्याच्या कामाची गोडी घ्या. बूच तरी किती दिवस धरून ठेवणार?