पान सातवरची ओळ

दारामागे चार खोकी रचून ठेवली होती आणि प्रशिक्षणाच्या खोलीत शिरणारा प्रत्येक जण त्यांना वळसा घालून आत येत होता. एकेका खोक्यात दुसऱ्या छपाईची हजार पत्रकं. पाच वाजता गाडी येणार, खोकी भरून नेणार आणि उद्या सकाळी ती चाळीस दवाखान्यांच्या खिडक्यांवर पोचणार. ताईने घड्याळात पाहिलं. अडीच.

खात्यात सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. आरोग्याचं कुठलंही नवं सरकारी धोरण आलं की ते डॉक्टर, नर्स, कारकून मंडळींना समजावून सांगायचं आणि लोकांसाठी साध्या भाषेत पत्रक लिहायचं, हे तिचं अकरा वर्षांचं काम. यंदाचा नियम असा होता: मोठ्या हॉस्पिटलात जाण्याआधी आपल्या भागातल्या दवाखान्याची चिठ्ठी घ्यायची, चिठ्ठीशिवाय तिथे केसपेपर निघणार नाही. गर्दी आटोक्यात यावी म्हणून काढलेला, तसा शहाणपणाचाच नियम. त्याला एक अपवाद होता. तो मूळ परिपत्रकात होता, पान सातवर. पत्रकात नव्हता.

"मॅडम, खोकी आज जाऊ नयेत," ती आपल्या वरिष्ठांच्या शेजारी जाऊन हळूच म्हणाली.

"पुन्हा तेच?" मॅडमनी फाइलमधून मान वर केली नाही. "अपवाद परिपत्रकात आहे. तू आज तोंडी सांग, विषय संपला."

"लोक परिपत्रक वाचत नाहीत. पत्रक वाचतात."

"अगं, शुद्धिपत्रक काढायचं म्हणजे पहिल्या छपाईत चूक होती हे लेखी द्यायचं. मसुदा कुणी केला, कुणी तपासला, सगळं खणून काढतील. तुझीच मान अडकेल." मग आवाज जरा मऊ करून त्या म्हणाल्या, "आईला जाऊन सात आठवडे होतायत तुझ्या. कशाला हे आणखी डोक्याला लावून घेतेस?"

मसुदा कुणी तपासला, ते ताईला चांगलं ठाऊक होतं.

प्रत्येक पत्रकाचा कच्चा मसुदा ती घरी न्यायची. भांडी आवरून झाली की आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिसपेन्सिल घेऊन बसायची आणि न कळलेल्या शब्दाभोवती गोल काढायची. खात्याच्या तीन समित्यांना जे दिसत नसे, ते त्या पेन्सिलीला दिसे. या वेळी ताईने पान सातवरची ओळ जशीच्या तशी उतरवून नेली होती: ‘जीवितास धोका संभवणाऱ्या आकस्मिक परिस्थितीत प्रस्तुत अट शिथिलक्षम राहील.’ आईने अख्ख्या ओळीलाच वेढा घातला. "ही कुणाच्या डोक्यावरून जायला लिहिलीय? एक तर नीट सांग, नाहीतर काढून टाक." मसुदा दुसऱ्या दिवशी सकाळी छपाईला द्यायचा होता. ताईने ओळ काढून टाकली.

छापील पत्रक आईने फ्रिजवर चिकटवलं. ज्या सकाळी तिच्या छातीत कळ आली, त्या सकाळी शेजारीण तिला गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलकडेच निघाली होती. आईनेच तिला वाटेत वळायला लावलं. "आधी चिठ्ठी. माझ्या लेकीने लिहिलंय तसं." दवाखान्याच्या बाकावर तिचा नंबर चौदावा होता. शेजारणीने हे मागाहून रडत रडत सांगितलं. ताईने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, भावालाही नाही.

प्रशिक्षणाचा शेवट ती नेहमी एका खेळाने करायची. एकाने रुग्ण व्हायचं, एकाने खिडकीवरचा कारकून. आज तीस वर्षं नोकरी झालेल्या थोरल्या सिस्टर उठल्या, छातीवर हात दाबत टेबलापाशी आल्या. टेबलापलीकडे एक सडपातळ कारकून बसला. मोठ्या हॉस्पिटलातल्या खऱ्या खिडकीवरही तो हेच काम करायचा.

"दादा, छातीत दुखतंय हो."

"चिठ्ठी?"

"अहो, मरतेय मी."

"मरा की मावशी, पण चिठ्ठी आणून मरा."

खोलीभर हशा पिकला. मागच्या रांगेत मॅडमही हसल्या. हसू ओसरेपर्यंत ताई टेबलाची कड धरून उभी राहिली.

"खरंच असं करता?"

कारकुनाने पत्रक उचलून दाखवलं. "तुमचंच आहे ना, ताई? ‘चिठ्ठीशिवाय केसपेपर नाही.’ याच्या बाहेर गेलो तर चौकशी आमची लागते."

"आणि पान सात?"

"पान सातपर्यंत पोचतं कोण?" एक तरुण डॉक्टरीण म्हणाली. "मी दोनवरच झोपले."

ताईने मागे पाहिलं. मॅडमनी बारीकशी मान हलवली: नको. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पान सातवर लिहिलंय, जीव धोक्यात असेल तर चिठ्ठी लागत नाही," ताई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नियम असाच आहे. मसुद्यात ती ओळ होती. अवघड होती. मी ती सोपी करायला हवी होती, मी काढून टाकली." तिने कारकुनाच्या हातातलं पत्रक घेतलं. "माझी आई ते पत्रक वाचून चिठ्ठी आणायला गेली. रांगेत बसल्या बसल्या गेली."

सिस्टरांचा हात अजून छातीवरच होता. तो त्यांनी खाली घेतला.

"ताई, मी मघाशी..." कारकून चाचरला.

"तुम्ही मी लिहिलं तसंच वागलात."

मॅडम उठल्या. "आपण इथेच थांबू. खोकी ठरल्याप्रमाणे जातील. शुद्धिपत्रकाचं मी बघते."

"किती दिवसांत, मॅडम?"

"तीन महिने तरी धर."

"मग गाडी येईपर्यंत हाताने लिहू." ताईने किल्लीने पहिल्या खोक्याची चिकटपट्टी फाडली. "चाळीस जण आहोत. प्रत्येकी शंभर."

"छापील सरकारी कागदावर? कुणाच्या अधिकारात?"

ताईने एक कोरा कागद ओढला, त्यावर लिहिलं: ‘ओळ मी काढली होती, मीच घालते आहे.’ खाली सही, तारीख. मॅडमनी तो दोनदा वाचला, घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि फोन घेऊन त्या बाहेर गेल्या. त्यांच्या पाठोपाठ दोघे जण पिशव्या उचलून निघून गेले. बाकीचे बसून राहिले.

"काय लिहायचं ते फळ्यावर टाक, पोरी," सिस्टर म्हणाल्या. "आणि सरकारी भाषा नको."

तिने लिहिलं: ‘जीव धोक्यात असेल तर चिठ्ठी नको.’ पत्रकाच्या तळाशी बोटभर जागा होती, तिथे ओळ बसत होती. पेनं चालू लागली. बाहेर व्हरांड्यात मॅडमचा आवाज मध्येच चढत होता, मध्येच पडत होता.

पाचला गाडीवाला दारात आला तेव्हा दोन खोकी झाली होती. "उचलू का?" त्याने विचारलं, आणि वरचं पत्रक हातात घेतलं.

"जीव धोक्यात म्हणजे नेमका कधी?" तो म्हणाला. "माझा बाप छातीत दुखलं तरी गॅस झालाय म्हणून पडून राहील. आणि खालचं कोण वाचतं? वर लिहायचं ना."

"अरे बाबा, दोन हजार लिहून झालेत," कारकून कळवळला. सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

बाहेरचा आवाज थांबला होता. मॅडम आता कुठल्याही क्षणी दारातून आत येणार होत्या. ताईने फळा पुसला आणि नव्याने लिहिलं: ‘छातीत दुखलं, दम लागला, रक्त थांबेना, तर चिठ्ठी नको. थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.’ ‘थेट’ दोनदा गिरवलं. मग पर्समधून बोटभर उरलेली शिसपेन्सिल काढून तिने गाडीवाल्यापुढे धरली.

"वाचा. जे कळणार नाही त्याच्याभोवती गोल काढा."

"फळ्यावर?"

"त्या पत्रकावर उतरवून घ्या आणि काढा."

तो खोक्यावर बसला, ओठ हलवत एकेक शब्द उतरवू लागला. दाराची कडी वाजली. ताई वळली नाही. ती त्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत उभी राहिली.