विहिरीला मिठी

ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं शिवणाऱ्या बाईंना सगळे सुईमावशी म्हणत. तीस वर्षांत आपलं एक पान इकडचं तिकडे झालं नाही, याचा त्यांना कोण अभिमान! बरं, त्या हस्तलिखितांच्या जुन्या भाषेचं अक्षरही त्यांना येत नव्हतं, आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असे. तो चित्रासारखा जुळवायचा आणि टाका घालायचा.

साठी जवळ आल्यावर मावशी त्या भाषेच्या वर्गात जाऊन बसल्या. मास्तरांनी एकेकाला विचारलं, "का शिकायचंय?" कुणाला पदवी हवी होती, कुणाला पणजोबांची पत्रं वाचायची होती.

मावशी म्हणाल्या, "तीस वर्षं टोचतेय हो या पोथ्यांना. काय म्हणतायत ते एकदा ऐकावं म्हटलं."

दोन वर्षांनी त्यांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतः शिवलेलं एक पुस्तक वाचायला घेतलं. परदेशी गेलेला मुलगा घरी परततो, अशी गोष्ट होती. मुलाने धावत जाऊन मिठी मारली ती विहिरीला! आणि पुढे आणखी एक पान उलटताच सुनेने बादली सोडली ती आईत! मावशींनी चष्मा पुसला. त्या भाषेत 'आई' आणि 'विहीर' यांत फक्त एका टिंबाचा फरक, आणि नेमकं तेच टिंब त्यांच्या नजरेतून निसटलं होतं. दोन पानांची अदलाबदल झाली होती.

त्या दिवशी मावशींना जेवण गेलं नाही. गप्प बसावं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता आणि तीस वर्षांचं नाव शाबूत राहणार होतं. पण मन खाऊ लागलं, तशा त्या पुस्तक घेऊन ग्रंथपालांसमोर उभ्या राहिल्या आणि चूक दाखवून, उसवून नीट शिवते म्हणाल्या.

ग्रंथपाल पोट धरून हसले. "सुनेचं एक वेळ समजू शकतो, मावशी! पण अकरा वर्षांत एकाचीही तक्रार नाही. कशाला उसवताय?"

मावशींना आधी हायसं वाटलं, मग उमगलं: तक्रार नाही, म्हणजे कुणी वाचलंच नाही.

"मी वाचलं ना," त्या म्हणाल्या आणि कात्री मागून घेतली.

संध्याकाळपर्यंत पानं जागच्या जागी बसली. मावशींनी शेवटची गाठ मारली आणि मिठीचं पान मोठ्याने वाचलं. अकरा वर्षं विहिरीपाशी ताटकळलेलं पोर एकदाचं आईच्या कुशीत शिरलं होतं.